चित्राचं पोट

सोमवार, १७ नोव्हेंबर

आई भवानीला हात जोडून नव्या घरातलं पहिलं पान लिहायला घेतलं. ही डायरी माझ्या भावाला, तानाजीला, पतसंस्थेत फुकट मिळालेली. निम्म्याहून जास्त कोरीच होती, वाया कशाला घालवायची? पुढून घरखर्च लिहीन, मागून हे.

काल वडूजहून एसटीनं साताऱ्याला आले. चाळिशीला टेकल्यावर लग्न झालं माझं. वडील अर्धांगानं पडून होते, त्यांचं करता करता वय गेलं. त्याचं दुःख नाही, देवाची इच्छा. हे (नाव बाळासो) फौजेतून रिटायर झालेत, आता एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर ड्यूटी करतात. पहिली बायको वारली, मूलबाळ नाही. माणूस शांत. सुपारीचंसुद्धा व्यसन नाही.

घर किल्ल्याच्या अंगाला, चढावर. हवा चांगली, पाणी सकाळी येतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागं एक खोली, खिडकीची. ती मागची खोली माझी! बघायला आले तेव्हाच मी सांगितलं होतं, सोनंनाणं काही नको, मला चित्रं करायला एक कोपरा द्या. यांनी अख्खी खोली दिली. जन्मात पहिल्यांदा माझी म्हणावी अशी जागा.

चित्रं म्हणजे रंगवलेली नुसती नव्हेत. वडिलांच्या उशाशी बसून मोबाइलवर बघून शिकले. पुठ्ठा, जुनी लुगडी, कागद, लोकर, धान्य, रंग, सगळं एकाच चित्रात, वर टाके. गावच्या शाळेतल्या बाई त्याला मिक्स मीडिया म्हणायच्या. आमची वहिनी चिंध्या म्हणायची.

सासूबाईंचं नाव शालूबाई, पण सगळे आत्या म्हणतात, मीही तेच म्हणते. जेवताना त्यांनी विचारलं, उपास कुठले कुठले धरतीस? मी सांगितलं, सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. एरवीही मला एका भाकरीत भागतं. आत्यांनी माझ्या तोंडावरनं हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. म्हणाल्या, "बाळ्या, लक्षुमी आणलीस रं घरात!"

पिठामिठापासून सगळं कुलपात आणि किल्ली आत्यांच्या कमरेला. मला आवडलं. घर असंच राखावं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

मोठं चित्र घेतलंय. विषय आमच्या रानातला शाळू, कणसं भरलेला. प्लायवूडचा तुकडा यांनी कंपनीतल्या खोक्याचा आणून दिला. खळीसाठी पीठ मागितलं तर आत्या म्हणाल्या, खायचं पीठ चिकटवायला घालतीस व्हय? बरोबरच आहे. शेवटी शेजारच्या धोंडुबाईंनी चिंचोके दिले. त्या माणदेशातल्या धनगराच्या, घरात घोंगड्यांचं काम चाले. घोंगडीला कडकपणा यावा म्हणून चिंचोक्याची खळ लावतात, तीच मी शिजवली. चिंचोके भाजायचे, सालं काढायची, भिजवून वाटायचे आणि ढवळत राहायचं. हात थांबला की गुठळी झालीच. थोडी लोकरही त्यांनी भिंतीवरनं दिली.

आभाळाला निळीचं पाणी. जमिनीला गेरू, चहाचा चोथा, राख. बांधासाठी वर्तमानपत्र भिजवून लगदा. कॅलेंडर घेतलं तर देव कापायचा नाही, तारखा तेवढ्या घ्यायच्या, हा माझा नियम. कणसांत खरा शाळू चिकटवला, माहेरून येताना ओटीत आलेला. दाणा दाणा सुईच्या टोकानं बसवला. फार सुख वाटलं.

शाळूच्या ताटांसाठी हिरवं कापड हवं होतं. खोलीत एक पत्र्याची ट्रंक आहे, तीत पहिल्या बायकोची, अर्जुनाची, लुगडी. आत्यांना विचारलं. म्हणाल्या, "घे की. मेल्या बाईचं कोण नेसतंय?"

मग मी साधेपणानं विचारलं, अर्जुनाताईंचा टाक कुठं आहे? आमच्यात पहिली वारली की तिच्या नावानं चांदीच्या पत्र्यावर मूर्ती उठवतात. तो टाक देव्हाऱ्यात ठेवतात नाहीतर दुसरीनं गळ्यात घालायचा. देवांबरोबर तिलाही रोजचा नैवेद्य. घरातली बाई मेली तरी घरात तिला जागा पाहिजे, घास पाहिजे. आत्या म्हणाल्या, केला न्हाई. कशाला? एवढंच. मला ते पटलं नाही, पण नवी नवरी, किती बोलणार?

संध्याकाळी कापडाचे थर टाचून मधे लोकर भरली, म्हणजे रानाला उंचवटा येतो. वाकळ शिवताना आतल्या भागाला आम्ही पोट म्हणतो. शेवटचं टोक बंद करताना आई त्यात भाकरीचा तुकडा ठेवायची, वाकळ उपाशी राहू नये म्हणून. हात सवयीनं तसाच गेला. माझ्या ताटातला तुकडा आत ठेवला, अर्जुनाताईंच्या लुगड्यावर, आणि टाका घातला. मनात म्हटलं, घ्या ताई, तुम्हालाही.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडला, कहाणी वाचली. शाबू भिजवावा म्हणून किल्ली मागितली. आत्या म्हणाल्या, उपास म्हणजे पोट भरायची दुसरी सोय न्हवं. एक केळ दिलं. मंगळवार ग्रामदेवतेचा आणि शनिवार यांच्यासाठी, असे दोन उपास नवे सांगितलेत. यांच्या हृदयाची एक नळी अरुंद झालीय, डॉक्टर पुढच्या महिन्यात परत बघणार आहेत. हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. नवऱ्यासाठी उपास धरायला मी नाही म्हणणार नाही. पण सांगायला काय झालं होतं?

उपास नसलेल्या वारी शेवटची मीच बसते. टोपल्यात उरेल ते माझं. आज-काल उरत नाही.

चित्राचं शेवटचं टोक चपटं पडलंय. टाके जसेच्या तसे, पण आतला तुकडा हाताला लागत नाही. उंदीर म्हणावा तर लेंडी नाही, भोक नाही. उसवून पाहिलं. लुगड्यावर कणभरही चुरा नव्हता. चाटून पुसून नेल्यासारखं.

सोमवार, १ डिसेंबर

एकादशी आणि सोमवार.

आज मला संताप आलाय आणि तो मी इथं लिहिणार. चित्रातला सगळा शाळू पोकळ झालाय. दाणे जागच्या जागी चिकटलेत, पण आत पीठ नाही, नुसती सालं. बोट लावलं की चुरगळतात. माझ्या माहेरचा दाणा!

मला वाटलं, आत्यांनीच काही केलं. विचारायला गेले तर त्या बोक्याला दूध पाजत होत्या. वाटीभर दूध, वर साय. मला म्हणाल्या, "चिंध्यांचा राग माझ्यावर काढू नगंस. एकादशीला आवाज चढवतीस, उपास फुकट गेला तुझा. उद्या परत धर." हे जेवत होते. मी त्यांच्याकडं बघितलं. तिसरी भाकरी पिठल्यात कुस्करत म्हणाले, आईला उलटं बोलायचं न्हाई.

शांत माणूस! शांत कसला, पोट भरलेला माणूस.

तानाजीला फोन केला. म्हणाला, "आक्का, म्हैना झाला न्हाई लग्नाला. उपासानं कोण मेलंय व्हय?"

गुरुवार, ४ डिसेंबर

मेलंय.

दुपारी पाणी वाळत घालताना, म्हणजे लुगडी वाळत घालताना (डोकं ठिकाणावर नाही), धोंडुबाईंनी भिंतीपलीकडनं हाक मारली. कागदात गुंडाळलेली भाकरी पुढं केली. म्हणाल्या, "खा पोरी, तुझं त्वांड बघवंना. त्या अर्जुनाचंबी असंच झालतं." मी विचारलं, त्यांना काय झालं होतं? त्यांनी आधी मागं बघितलं. मग सांगितलं की हे सरहद्दीवर होते तेव्हा आत्यांनी अर्जुनाला एकेक वार वाढवत नेलं. शेवटी वार उरलाच नाही. मागच्या खोलीत असायची. या भिंतीवरनं हात पुढं करायची. "मी द्यायची गं. तर तुझ्या सासूनं भिंतीवर काचा लावल्या. तरी ती हात पुढं करायची, काचंतनं." लोक म्हणाले, लय धर्माची बाई, उपासातापासात गेली.

त्या काचा मी रोज बघत होते. वाटायचं, चोरांसाठी असतील.

गुरुवार होता, तरी धोंडुबाईंची भाकरी मी तिथंच उभी राहून खाल्ली. आई भवानी मला माफ करील. तिनं कधी कुणाला उपाशी मरायला सांगितलेलं नाही. पण खाल्ली आणि काहीच झालं नाही. गिळल्यासारखी गिळली, पोटात पोचलीच नाही.

शनिवार, ६ डिसेंबर

आत्यांना तोंडावर विचारलं. मला वाटलं, नाकारतील, रडतील. त्यांनी वाती वळता वळता सांगितलं. "सुनंच्या पोटातलं लेकाच्या आयुष्याला लागतंय. तिनं धरलं म्हणून माझा बाळ्या गोळ्यांतनं धड आला. आता त्याच्या काळजाचं दुखणं हाय. तुला कशाला आणली आसंल मग? चित्रं काढाय?"

आवाजात राग नव्हता. दळणाचं सांगावं तसं सांगितलं.

म्हणून उपासाची सून! म्हणून बोटं मोडली माझ्यावरनं! कोंबडी विकत घेताना वजन बघतात तसं आत्यांनी माझं व्रतवैकल्य बघितलं. आणि मी वेडी, फुशारकीनं सांगत बसले, मला एका भाकरीत भागतं.

पिशवी भरली. निघाले होते. चढ उतरून वळणापर्यंत गेले तर पाय उचलेनात, डोळ्यांपुढं काळं. पोटात असं ओढलं जसं कुणी दोऱ्यानं मागं खेचतंय. दोरा मागच्या खोलीकडंच जात होता, मला कळत होतं. परतले. दारात येताच ओढ थांबली.

सोमवार, ८ डिसेंबर

चित्रात तोंड झालंय. मी केलेलं नाही. हिरव्या लुगड्याला दोन चुण्या पडल्यात, वर एक, खाली एक, आणि मधली जागा आत गेलीय. शाळूच्या रानात ओठ. दिवसाढवळ्या, खिडकीतनं ऊन पडलेलं असताना.

मी भ्याले नाही, चिडले. माझं चित्र आहे ते! पाण्याचा बोळा फिरवून खळ सोडवली, थर उचलला. खाली प्लायवूडवर दातांचे ओरखडे. लाकूड आतल्या बाजूनं कुरतडलेलं.

थर परत लावला. चिंचोक्याची खळ बोटांना लागली ती चाटली. कधी चाटली ते समजलं नाही. वाटी रिकामी झाल्यावर समजलं.

बुधवार, १० डिसेंबर

आता कळलं काय चाललंय.

आज उपास नाही. टोपल्यात अर्धी भाकरी होती, ती खाल्ली. पोट तसंच खोल. मग धोंडुबाईंनी दिलेली घेऊन खोलीत गेले आणि रागानं त्या तोंडावर दाबली. म्हटलं, घे, गीळ एकदाची. भाकरी आत गेली. हळूहळू, चावत.

आणि माझं पोट भरलं. ढेकर आला. मला. बाजरीच्या भाकरीची चव माझ्या जिभेवर.

मी खाते ते कुठंच जात नाही. ती खाते तेव्हाच मला पोचतं. मी तिला घास दिला, टाका घातला, आणि आम्हाला एकाच पोटात शिवलं.

मला तिचा राग येतोय. अर्जुनाताई, तुमच्यावर अन्याय झाला, कबूल. तुम्हाला कुणी जागा दिली नाही, मी दिली. मग माझंच का खाता?

शुक्रवार, १२ डिसेंबर

काल गुरुवार. पाणीसुद्धा मोजून. आज तिला द्यायला काही नव्हतं. लोकर दिली, गेली. सुताची गुंडी, गेली. कॅलेंडरचे देव मी कापत नाही, पण ती भिंतीवरनं— नको. फोटो सगळे बाहेरच्या खोलीत नेले.

यांना सांगितलं. चित्र खातंय म्हणून नाही, मी उपाशी आहे म्हणून. म्हणाले, आई बघती की सगळं. रिपोर्टात सुधारणा हाय म्हणाले डॉक्टर.

सुधारणा आहे. माझ्या बरगड्या मोजता येतात आणि यांच्यात सुधारणा आहे!

शनिवार, १३ डिसेंबर

बोका खोलीत गेला होता. दार लोटलेलं होतं, खळीच्या वासानं गेला असेल. मी अंगणात होते. एकदाच ओरडला.

तोंडात दुधाची चव आली. साय. मग केस—

मी ओकले नाही. लिहायला लाज वाटते, पण मी भिंतीला टेकून डोळे मिटले. इतक्या दिवसांनी पोट तुडुंब. झोप आली. दुपारभर झोपले.

त्याच्या गळ्यातली घंटी चित्राखाली पडली होती. आत्या हाका मारत गल्लीभर फिरल्या. मला विचारलं. मी म्हटलं, उपास असेल त्याचा.

सोमवार, १५ डिसेंबर

एकादशी. सोमवार.

चित्र भरत चाललंय. रानाचा उंचवटा आता खांद्यासारखा. शाळूची ताटं हलतात. वारा नाही.

धोंडुबाई म्हणाल्या, चल माझ्याघरी. भिंतीला हात लावला तर ती ओढ—

त्यांना म्हटलं, तुम्ही भिंतीजवळ येऊ नका आता. हात पुढं करू नका. त्या रागावल्या, रागावू देत. त्या तेवढ्या वाचल्या पाहिजेत.

मंगळवार, १६ डिसेंबर

जाळावं म्हटलं. काडी ओढली, लुगड्याच्या काठाला लावली. माझ्या बोटाला फोड आला. काठ कोरा.

पोटात तिचा राग आहे का माझा, ओळखू येत नाही. एकच चव.

गुरुवार, १८ डिसेंबर

शेवटचा गुरुवार, उद्यापन. सकाळपासून पुरण शिजवतेय, वाटतेय, पोळ्या लाटतेय. कुलूप आज उघडं, पण आत्या पाटावर समोर बसून. बोट चाटलं तरी दिसेल अशा. सवाष्णी आल्या, जेवल्या, पोटावर हात फिरवून गेल्या. म्हणाल्या, सून लय गुणाची हाय, किती बारीक झाली देवाचं करून!

मी ताट घेतलं. आत्यांनी ते उचललं. म्हणाल्या, बाळ्याची पुढची तपासणी होस्तोवर तुझं अन्न बंद. नुसतं पाणी. बोलले हाय मी देवीला.

त्या बोलल्या. माझं अन्न, आणि बोलल्या त्या!

मी ओरडले. आयुष्यात कधी नाही तशी ओरडले. म्हटलं, तुमची देवी नाही ती, तुमची भूक आहे. तुम्ही एक बाई खाल्ली, दुसरी खायला बसलात. आत्या पहिल्यांदा चिडल्या. म्हणाल्या, "ह्या चिंध्यांनी माज चढलाय तुला. थांब, फाडूनच टाकते!" विळी उचलली आणि मागच्या खोलीकडं—

मी उंबऱ्याशी आहे. डायरी मांडीवर. हाक मारली तर त्या थांबतील, अजून दारातच आहेत, कडी निघत नाहीये. एक शब्द पुरे.

अर्जुनाताईंनी भिंतीवरनं हात पुढं केला तेव्हा आत्यांनी काचा लावल्या.

कडी निघाली.

गेल्या आत.

विळी पडल्याचा आवाज. मग "बाळ्या" म्हणून— एकदाच—

आत्यांच्या तपकिरीचा वास नाकात. म्हातारं, खारट— कमरेची किल्ली दाताखाली कर्रकन— मला नको, आई भवानी, मला हे—

पोट भरतंय.

भरत नाहीये. बोक्यानं भरलं होतं, एवढ्यानं का भरत नाही? खोल, अजून खोल— दोन बायकांची भूक आहे, एवढ्यानं कशी—

फाटक वाजलं. हे आले ड्यूटीवरनं. हातपाय धुतायत. विचारतायत, आई कुठाय, जेवायला काय केलंस?

मी म्हटलं, आई मागच्या खोलीत आहेत, तुम्हाला बोलावतायत.

मी म्हटलं? की तिनं—

ते निघाले. टॉवेलनं तोंड पुसत. अजून वेळ आहे, मी थांबवते, नवरा आहे माझा, मंगळसूत्र— अहो, थांबा, आत जाऊ— तोंडाला पाणी सुटलंय, बोलताच येत—